हिरवी टिकली

माझ्या आवाजाबद्दल सांगलीच्या मार्केट यार्डात कुणालाही विचारा. हळदीच्या सौद्याला मी उभी राहिले की मागच्या गल्लीतला चहावाला बसल्या जागी दर सांगतो. पद्मजा मगदूम माझं नाव. वडिलांच्या पश्चात त्यांचं अडतीचं दुकान मी चालवते. आवाज त्यांच्याकडूनच आला, आणि रागसुद्धा. म्हणजे मी भांडकुदळ बाई नाही हं. पण चटकन भडकते, भडकले की बोलते, बोलून झालं की चहा पिते. इतकी वर्षं असंच चाललं होतं आणि कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

मग कानपट्टी आली.

आता ती इतकी घरोघरी झालीय की ती नेमकं काय करते हे कुणी विचारतसुद्धा नाही. म्हणून सांगते. आपल्या मेंदूतून एक लांबलचक नस निघते, गळ्यातून खाली उतरते आणि हृदय, फुप्फुसं, पोट, सगळीकडं जाते. डॉक्टर तिला व्हेगस म्हणतात. शरीर खवळलं की त्याला खाली आणायचं काम तिचं. तिची एक बारीक फांदी कानाच्या खळग्यात कातडीच्या अगदी जवळ येते. तिथं अगदी सौम्य वीज सोडली, मुंगी चालल्यासारखं वाटेल इतकीच, की ठोके मंदावतात, श्वास लांबतो, आवळलेला जबडा सैल पडतो. हे डॉक्टरांना कधीपासून ठाऊक होतं, दवाखान्यात वापरतही होते. कंपनीनं एवढंच केलं, की ते उचलून आईबापांच्या कानात बसवलं.

मुलांसाठी टिकली. कानामागं चिकटवायची. ती घामातली रसायनं बघते, हृदयाचे ठोके मोजते, आजूबाजूचे आवाज टिपते. मूल शांत असलं की तिच्यावर हिरवा ठिपका, अस्वस्थ झालं की पिवळा, पार बिथरलं की लाल. घरी लाल झाला की आईबापाच्या पट्टीला कळतं, शाळेत बाईंच्या. त्यांचा राग चढायच्या आत पट्टी तो उतरवते आणि कानात एक बाई मऊ आवाजात सांगते की आता काय म्हणायचं. 'तुला राग आलाय असं मला दिसतंय.' 'तुझी भावना मला महत्त्वाची वाटते.' 'सांगितलंस ते छान केलंस.' याला म्हणतात सजग पालकत्व.

आमच्याकडं ती आणली माझ्या नवऱ्यानं, सन्मतीनं. कॉलेजात गणित शिकवतात. त्यांची मी चेष्टा करणार नाही, कारण त्यांचं कारण खरं होतं. माझे सासरे, अण्णा, कमरेचा पट्टा काढून मारायचे. ताटात भाजी टाकली म्हणून, दार जोरात लावलं म्हणून, कशावरूनही. सन्मतींच्या पाठीवर अजूनही एक वळ आहे. चंदना जन्मली तेव्हा तिला हातात घेऊन ते मला म्हणाले होते, "पद्मा, माझा हात कधी उठला तर तू मला घराबाहेर काढ." असा माणूस. त्याला कुणी सांगितलं की राग उतरवणारं यंत्र आलंय, तर तो घेणारच की. शिवाय चंदनाच्या शाळेनं, नवांकुर त्या शाळेचं नाव, त्याच वर्षापासून टिकली सक्तीची केली होती.

यंत्र चालू करायच्या आधी दहा दिवस ते नुसतं लावून ठेवायचं असतं. त्या दिवसांत ते काहीच करत नाही, फक्त बघतं, की या घरातली माणसं एरवी कशी असतात. त्यावरून प्रत्येकाची पायारेषा ठरते. माणूस त्या रेषेच्या वर गेला की यंत्र कामाला लागतं.

"पर्युषण लागतंय," सन्मती म्हणाले. "तेच दहा दिवस घेऊ या. घर कसं छान असतं तेव्हा."

मला ते एकदम पटलं. आम्ही जैन. भाद्रपदातल्या त्या दहा दिवसांत आमच्याकडं उपास, एकासन म्हणजे दिवसाला एकच जेवण, स्वाध्याय. पहिलाच दिवस उत्तम क्षमेचा. मीसुद्धा दुपारपर्यंत मौन धरते, सौदे दिवाणजी बघतात. एरवी घरभर पळणारी चंदनासुद्धा तेव्हा मंदिरात मांडी घालून तासन् तास बसते. परीक्षाच द्यायची तर अभ्यास चांगला झालेल्या दिवशी द्यावी, असा आमचा सरळ विचार. दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की ही परीक्षा नव्हतीच.

दहा दिवस संपले आणि पट्टी सुरू झाली. आणि काय सांगू, घर लोण्यासारखं मऊ झालं. दूध उतू गेलं, कानात मुंगी चालली, मी गॅस बंद केला. नळाचं पाणी गेलं, मुंगी चालली, मी बादली बाजूला ठेवली. सौद्याला माझा आवाज पहिल्या रांगेच्या पुढं जाईना. व्यापारी म्हणाले, "ताई, घसा बसलाय काय?" मी हसून म्हटलं, "नाही हो, मन बसलंय जाग्यावर." सन्मती खूश होते. आमची भांडणं बंद झाली होती. चंदना मात्र एकदा म्हणाली, "आई, तू आता शाळेतल्या बाईंसारखी बोलतीस." मला ते कौतुक वाटलं.

मग एक दिवस शाळेतून आली, जेवायला बसली आणि पोळीचा तुकडा हातात धरून म्हणाली, "आई, मला काचेच्या खोलीत ठेवतात."

"कुठं?"

"ऑफिसच्या शेजारी. टिकली लाल झाली की तिथं बसायचं. हिरवी होईपर्यंत बाहेर यायचं नाही. सगळी येता-जाता बघतात." तिनं खाली मान घातली. "आज मला शूला जायचं होतं. मी काच वाजवली. बाई म्हणाल्या, हिरवी झालीस की जा. मग फ्रॉक ओला झाला. सगळे हसले आई."

माझ्या छातीत काहीतरी उसळलं. हे मला पक्कं आठवतंय. उसळलं, आणि लगेच कानात मुंगी चालली. नेहमीपेक्षा जोरात. खांदे खाली आले. आणि कानातल्या बाईनं सांगितलं ते मी जसंच्या तसं म्हटलं. "तुला खूप लाज वाटली असेल. सांगितलंस ते छान केलंस."

चंदना माझ्याकडं बघत राहिली. मी तिच्याकडं बघून हसत होते. तिला वाटलं असेल, आईला नीट ऐकू गेलं नाही. तिनं पुन्हा सांगितलं. फ्रॉक ओला झाला, सगळे हसले.

"लाज ही पण एक भावनाच आहे," मी म्हटलं. "ती येते आणि जाते."

तिनं पोळी खाल्ली. पाणी प्याली. हात धुतले. आणि त्यानंतर तिनं मला शाळेतलं काहीही सांगितलं नाही.

काही आठवड्यांनी तिची टिकली हिरवी झाली आणि हिरवीच राहिली. सकाळी हिरवी, संध्याकाळी हिरवी, ताप आला तरी हिरवी. शाळेनं तिला सगळ्यांसमोर उभं करून टाळ्या वाजवल्या. मी मार्केटात पेढे वाटले. हो, पेढे वाटले मी!

पुढं माझ्या कानात गळू झालं. डॉक्टरांनी पट्टी आठवडाभर काढून ठेवायला सांगितली. पहिला दिवस नुसता ठणक्यात गेला. दुसऱ्या दिवशी दुकानात बसले होते, समोरचा माणूस ओल लागलेल्या पोत्यांबद्दल काहीतरी सांगत होता, आणि 'ओल' म्हणताच मला चंदनाचा फ्रॉक आठवला.

म्हणजे मी तो विसरले नव्हते. सगळं शब्दन् शब्द डोक्यात होतं. पण ते किराण्याच्या सामानासारखं पडून होतं. नंतर डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं, की माणूस चिडतो, घाबरतो, तेव्हा अंगात जी रसायनं उसळतात तीच मेंदूला सांगतात, की हे जपून ठेव, हे महत्त्वाचं आहे, यावर काहीतरी कर. ती उसळायच्या आत दाबली तर गोष्ट आठवते, पण माणसाला उठवत नाही. एवढे दिवस दाबलेलं ते सगळं त्या दुपारी एकदम वर आलं. तळपायाची आग मस्तकात गेली. मला घाम फुटला. समोरचा माणूस म्हणाला, "ताई, बरं नाही काय?" मी चप्पल घातली आणि घर गाठलं.

चंदना नुकतीच आली होती. मी तिच्या पुढ्यात बसले.

"चंदना, ती काचेची खोली. तुला अजून ठेवतात तिथं?"

"नाही. मी हिरवी असते आता."

"हिरवी कशी असतीस?"

"आतून बंद करते," ती म्हणाली. पाढा म्हणावा तसं सांगत होती. "पळायचं नाही. खेळाच्या तासाला कडेला बसायचं. हसू आलं की जीभ चावायची. मग आपोआप बंद होतं."

"आणि रडू आलं की?"

"ते येत नाही आता."

मी तिला जवळ ओढलं. ती आली, पण लाकडासारखी. माझा जीव कसा कासावीस झाला ते माझं मला ठाऊक. सात वर्षांची पोर हो ती! दार उघडं दिसलं की रस्त्यावर पळणारी, एका जागी न टिकणारी, भटजींच्या शेंडीला हसणारी पोर माझी.

मी कंपनीला फोन लावला. सन्मती तेवढ्यात कॉलेजातून आले, म्हणून आवाज मोठा करून फोन टेबलावर ठेवला. चंदनाला शेजारी खेळायला पाठवली. पलीकडं एक तरुण मुलगा होता, आवाजावरून तरी.

"मॅडम, तुमची पायारेषा तुमच्या जिल्ह्यात सगळ्यांत खालची आहे," तो म्हणाला. "अभिनंदन! म्हणजे तुमचं कुटुंब फारच शांत आहे."

"मी हळदीचे सौदे पुकारते रे बाबा. कसली शांत?"

"नोंद तशीच दिसते, मॅडम. अच्छा, ही गणेशोत्सवातली नोंद आहे. त्या दहा दिवसांत ढोल, आरत्या, पाहुणे, जागरणं, त्यामुळं सगळ्यांचीच धडधड वाढलेली असते. म्हणून त्या काळातल्या नोंदीतून आम्ही ठरावीक वजावट करतो. म्हणजे एरवीचा माणूस बरोबर कळतो."

"सगळ्यांच्या नोंदीतून?"

"हो, महाराष्ट्रात सरसकट."

"आमच्याकडं त्या दिवसांत पर्युषण असतं," मी म्हटलं. "आम्ही उपाशी असतो. गप्प असतो. मौन असतं आमचं! आणि त्यातनं तुम्ही अजून कापलंत?"

त्यानं काहीतरी शोधून बघितलं. मग म्हणाला, "तसा पर्याय आमच्याकडं नाही, मॅडम. सण म्हणजे गोंगाट, असंच धरलेलं आहे."

"आणि माझ्या मुलीची पायारेषा?"

"तीच वजावट."

"मग ती लाल कशाला होत होती? बघून सांगा मला. एकेक सांगा."

पलीकडून कीबोर्डचे आवाज आले. "पहिल्यांदा मधल्या सुट्टीत. धावताना. नंतर, हां, कुणाच्या तरी वाढदिवसाचं गाणं चालू होतं. मग चित्रकलेच्या तासाला. इथं हसण्याचा आवाज आहे, मॅडम. नंतरही हसण्याचाच." त्याचा स्वर बदलला होता. "तुम्ही नव्यानं नोंद करून घ्या. दहा दिवसांत सगळं व्यवस्थित होईल."

मी फोन बंद केला. हसली म्हणून कोंडलं होतं माझ्या पोरीला. आणि ती हसली तर तो गुन्हा ठरावा, याची सोय आम्ही दोघांनी मिळून, चांगला मुहूर्त बघून केली होती.

सन्मती समोर बसले होते. कानात पट्टी. चेहरा शांत.

"पद्मा," ते म्हणाले, "तुला खूप राग आलाय असं मला दिसतंय."

"दिसतंय? अहो, दिसतंय काय! ऐकलंत ना तुम्ही? हसत होती म्हणून तिला काचेत घातली! ओल्या फ्रॉकनं बसवली!"

"ऐकून मलाही अस्वस्थ वाटलं."

"काढा ती पट्टी."

"आपण आधी दोघं..."

"काढा म्हणते ना! त्या बाईला कानातनं काढा आणि मग माझ्याशी बोला!"

त्यांचा हात कानापर्यंत गेला आणि तिथंच थांबला. "मी काढली तर काय होईल मला माहीत नाही," ते म्हणाले, आणि हे त्यांचं स्वतःचं वाक्य होतं, कानातलं नव्हतं. "मी अण्णांचा मुलगा आहे."

"अण्णा तुमच्यावर चिडायचे. तुम्ही तिच्यासाठी चिडा. या दोन्हीत काही फरक आहे की नाही? की सगळा राग एकाच पोत्यात भरणार?"

त्यांनी पट्टी काढली. टेबलावर ठेवली. बराच वेळ काहीच झालं नाही. मग त्यांची मान लाल झाली, कपाळावरची शीर उभी राहिली, आणि ते उठून असे गुद्दे मारायला लागले लोखंडी कपाटावर, की वरची सूटकेस खाली आली. मग थांबले. स्वतःच्या हाताकडं बघायला लागले.

"कुणाला लागलं नाही ना?" त्यांनी विचारलं.

"कपाटाला लागलं," मी म्हटलं. ते खाली बसून ढसाढसा रडले.

सकाळी तिघं शाळेत गेलो. फाटकावर पहारेकऱ्यानं अडवलं. पट्टीशिवाय पालकांना आत सोडायचं नाही, असा नियम. बिचारा हात जोडून सांगत होता. मी म्हटलं, "तुम्ही नका अडवू, आणि सोडूही नका. मी इथूनच बोलते." आणि तिथं उभी राहून सौद्याचा आवाज लावला. "नवांकुरच्या मुख्याध्यापिका साळुंखे मॅडम, बाहेर या! मुलं कोंडता ती खोली मला बघायचीय!" वर्गावर्गातून माना बाहेर आल्या. दोन मिनिटांत मला आत घ्यायला माणूस आला.

ऑफिसला लागूनच खोली होती. तीन बाजूंनी काच, खाली निळी सतरंजी, भिंतीवर हसरे ढग. आत एक बारकी मुलगी बसली होती, पहिलीतली असेल, दोन वेण्या. कानामागं लाल ठिपका.

साळुंखे मॅडम आल्या. नेसणं नीट, बोलणं नीट, कानात पट्टी. "मगदूम मॅडम, तुमच्या भावना मी समजू शकते. तुम्ही पट्टी लावून आलात तर आपल्याला छान संवाद करता येईल."

"मला छान करायचा नाही. माझी मुलगी इथं बसून ओली झाली होती. खरं की खोटं?"

"तो प्रसंग तिच्यासाठी शिकण्याचा होता. बघा ना, नंतर ती किती हिरवी..."

"गप्प बसा!" मी ओरडले. ढगांच्या चित्रावरची काच थरथरली. "ती हिरवी नाही, ती मेलीय आतून! तुमच्या एवढ्या शाळेत एका बाईला, एकीला तरी वाईट वाटलं का हो, पोर काच वाजवत होती तेव्हा?"

साळुंखे मॅडम माझ्याकडं बघत राहिल्या. चेहऱ्यावर एक रेघ हलली नाही. मला तेव्हा कळलं, की त्यांना वाटलं असेल, पण वाटलेलं पुरेसा वेळ टिकलंच नसेल. त्यानं माझा राग कमी झाला नाही. उलट वाढला.

मी काचेचं दार उघडलं. "ये बाळा, बाहेर ये."

बारकी जागची हलली नाही. "लाल आहे अजून," ती म्हणाली.

"कशानं झालीस लाल?"

तिनं मूठ उघडून दाखवली. आत एक दुधाचा दात होता. "आत्ताच पडला," ती म्हणाली, आणि हसू येईल म्हणून तिनं दोन्ही ओठ आत दाबून धरले.

मी तिथंच जमिनीवर बसले आणि म्हटलं, हिचे आईवडील आल्याशिवाय मी उठणार नाही. वडील आले. चांगला सुशिक्षित माणूस. मी सगळं सांगितलं, शिरा ताणून सांगितलं. त्यांनी मान हलवत ऐकून घेतलं. मुलीच्या हातातला दात बघितला. मग मला म्हणाले, "तुमची तळमळ पोचली. पण मला स्वतःला ते तितकं तीव्र वाटत नाहीये."

"पट्टी काढा, मग वाटेल."

ते हसले, मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तिला तिथंच ठेवून कामावर गेले. कुणाला धरून हलवावं, अशी माझी अवस्था झाली.

सारी शाळा माझ्याकडं बघत होती. चंदना बघत नव्हती. सन्मतींचं बोट धरून भिंतीकडं तोंड करून उभी होती, कानामागं हिरवा ठिपका. गाडीत बसल्यावर तिनं हळूच विचारलं, "आई, तू खूप लाल झालीस. आता तुला कुठं ठेवतील?"

सन्मतींनी गाडी कडेला घेतली. त्यांना रस्ता दिसेना.

तिला आम्ही त्या शाळेतून काढलं. टिकली त्याच दिवशी सोलून फेकली. मी अजूनही शाळा सुटायच्या वेळेला नवांकुरच्या फाटकावर उभी राहते आणि येणाऱ्या प्रत्येक आईला, प्रत्येक बापाला एकच सांगते, की एक तास पट्टी काढून ठेवा आणि मग पोराला विचारा, आज काय झालं. बहुतेक जण शांतपणे ऐकतात आणि शांतपणे जातात. दोघींनी काढली. त्यातली एक दुसऱ्या दिवशी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. काचेची खोली अजून आहे. मी जाते आणि ओरडते. माझा घसा मजबूत आहे.

पण घरी चंदना तशीच होती. टिकली गेली तरी तिचा हात सारखा कानामागं जायचा, चाचपून बघायचा. नव्या शाळेत कुणी हसलं की ही मागं सरायची. मी विचारायचे, "माझा राग येतो का तुला?" ती म्हणायची, "नाही." सन्मती विचारायचे, तरी "नाही." डॉक्टर म्हणाले, वेळ द्या. मी वेळ दिला. रोज रात्री ती झोपल्यावर तिच्याकडं बघायचे आणि मनात यायचं, ही आता मला कधीच काही सांगणार नाही. एकदा सांगून बघितलं होतं तिनं.

परवा शाळेत जायच्या गडबडीत तिला गणवेशाचं बटण लागेना. दोनदा सुटलं. मी लावायला पुढं झाले, तर तिनं माझा हात झटकला.

"मी लावते!"

"बरं, लाव."

पुन्हा सुटलं. आणि तिनं ते बटण असं ओढलं, की तुटून हातात आलं. ते तिनं माझ्या अंगावर फेकलं.

"मी तुला सांगितलं होतं!" ती किंचाळली. "मी तुला सांगितलं होतं आई! दोनदा सांगितलं होतं! आणि तू हसत होतीस!"

"हो," मी म्हटलं. "सांगितलं होतंस."

"सगळी मुलं हसली आणि तू पण हसलीस!" ती दोन्ही मुठींनी माझ्या पोटावर, मांड्यांवर मारत होती. "तू वाईट आहेस! तू का नाही आलीस? तू का नाही ओरडलीस तेव्हा?"

आतून सन्मती धावत आले. दारातच उभे राहिले. मी म्हणणार होते की यंत्रानं केलं, पायारेषेनं केलं, गणपतीच्या वजावटीनं केलं. सगळं खरं होतं. पण सात वर्षांच्या पोरीनं ते ऐकून काय करायचं?

"मी यायला पाहिजे होतं," मी म्हटलं. "मी आले नाही. तुझं चिडणं बरोबर आहे."

ती ओरडत राहिली. तोंड लालबुंद, नाक वाहतंय, केस विस्कटलेले. शेजारणीनं खिडकी उघडून बघितलं आणि लावून घेतली. शेवटी दमून थांबली. हुंदके देत होती. हात सवयीनं कानामागं गेला, तिथं काही नव्हतं, तो खाली आला.

"मला किती वेळ ओरडता येईल?" तिनं विचारलं.

"राग संपेपर्यंत."

"आणि नाही संपला तर?"

"तर नाही संपला."

ती विचारात पडली. बाहीनं नाक पुसलं. मग छाती भरून श्वास घेतला आणि पुन्हा ओरडायला लागली.